छताला काम होते तोवर

वसई-विरारमध्ये नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की फरशी आणि रंगापाठोपाठ तिसरा प्रश्न छताचा निघतो. साधे पीओपी करायचे की हॉलमध्ये लाकडी पट्ट्यांचे, खोलगट चौकटींचे, मधल्या चौकोनात मंद दिवा लपवलेले छत बसवायचे? अशा छताची भलामण करताना दोन वंशावळी हमखास सांगितल्या जातात. एक वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज वास्तूंची, दुसरी पेशवाई वाड्यांची. दोन्ही ऐकायला छान आहेत आणि दोन्ही फसव्या आहेत. या पट्ट्यात चौकटीच्या छताचे नमुने शतकानुशतके डोळ्यांसमोर होते, ते घडवू शकणारे सुतार होते, बागायतीचा पैसाही होता. तरीही गावातल्या राहत्या घरांनी हे छत घेतले नाही, कारण त्या घरांच्या छतावर काम सोपवलेले होते. ते काम सुटले तेव्हाच चौकटीचे छत घरात आले आणि ते सोडवले काँक्रीटच्या स्लॅबने. या छताचा इतिहास आवडीनिवडीपेक्षा छताच्या कामाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही चीज मुळात काय आहे ते पाहू. दगडी किंवा लाकडी तुळया उभ्या-आडव्या टाकल्या की त्यांच्यामध्ये आपोआप चौकोन पडतात. तो चौकोन वरून फळीने किंवा शिळेने झाकला की खालून खोलगट घर दिसते. ग्रीकांनी संगमरवरात हेच केले. रोममध्ये इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात उभ्या राहिलेल्या पँथिऑनच्या घुमटात अशा चौकटींच्या पाच ओळी आहेत, प्रत्येक ओळीत अठ्ठावीस. सुमारे 43 मीटर व्यासाच्या त्या काँक्रीटच्या घुमटाचे वजन त्या खळग्यांमुळे हलके झाले. आपल्याकडे अंबरनाथचे शिवमंदिर वसईहून फार दूर नाही. शके 982, म्हणजे 1060 सालचा शिलाहार राजवटीतला शिलालेख तिथे आहे. त्याच्या मंडपात एकावर एक पुढे सरकत गेलेल्या दगडी थरांचे कोरीव छत आहे. तिथे शोभा आणि भार वेगळे काढताच येत नाहीत, कारण नक्षी ज्या दगडावर आहे तोच वरच्या दगडाला आधार देतो. या उदाहरणांवरून एक समज पक्का होतो की खरे चौकटीचे छत म्हणजे भार वाहणारे छत आणि बाकी सगळी नक्कल.

हा समज आपल्याच भूमीवर दोन हजार वर्षांपूर्वी मोडला गेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात अखंड खडकातून कोरलेल्या छताखाली सागवानी कमानी बसवल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक आजही जागेवर आहेत. त्या काहीही पेलत नाहीत. डोंगर स्वतःला पेलायला समर्थ होता. लाकडी इमारतीत वाढलेल्या डोळ्यांना छत कसे दिसले पाहिजे, हे ठरलेले होते म्हणून त्या बसवल्या. कार्ल्याचा वसईशी संबंधही आहे. तिथल्या खांबांवरच्या दानलेखांत सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे, म्हणजे बौद्ध वचने म्हणणाऱ्याचे, नाव आहे. आजच्या नालासोपाऱ्यातून गेलेल्या माणसाने ज्या सभागृहाला खांब दिला, त्याच्या छतावर भार न वाहणारे लाकूड होते. पुढे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कलाकारांनी लाकूडही वगळले आणि सपाट छतावर रंगांनीच चौकोन आखून त्यांत फुले, फळे, पक्षी, प्राणी भरले. तेव्हा केवळ दिसण्यासाठी केलेली चौकट हा आजच्या इंटिरिअरवाल्यांचा शोध नव्हे. मात्र कार्ले आणि अजिंठा या दोन्ही ठिकाणी छताच्या वर डोंगर आहे. तिथे कुणाला काही ठेवायचे नव्हते, कुणाला चालायचे नव्हते. ही गोष्ट पुढच्या युक्तिवादासाठी महत्त्वाची आहे.

पोर्तुगीज काळाकडे पाहिले की तीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येते. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे पाच वर्षांत किल्ल्याच्या आत सेंट जोसेफ, फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी, जेझुइटांचे आणि डॉमिनिकनांचे अशी चर्च उभी राहिली. गोव्यातल्या जुन्या चर्चप्रमाणे इथेही बांधणीचा रिवाज ठरलेला होता. भाविक बसतात तो लांब भाग लाकडी कैच्यांवर कौले घालून झाकायचा आणि वेदीच्या वर मात्र दगड-चुन्याची अर्धगोल कमान टाकायची. गोव्यात अशा कमानींच्या पोटात रांगेने चौकटी पाडलेल्या दिसतात. वसईच्या अवशेषांत आज उभ्या भिंती, कमानी आणि उघडे आकाश आहे, कारण लाकूड गेले आणि चिरा राहिला. या रचनेत चौकटीला जागा मिळाली ती वेदीवर, म्हणजे पुन्हा अशा ठिकाणी जिथे छताच्या पाठीवर कसलाही संसार नव्हता. देवाच्या डोक्यावर कुणी नारळ वाळत घालत नाही.

घराच्या डोक्यावर मात्र घालतात. वसईच्या जुन्या घरांचे, मग ते वाडवळांचे असो, सामवेदी ब्राह्मणांचे असो की कुपारी ख्रिस्ती कुटुंबाचे, छत म्हणजे कडीपाट. भिंतीपासून खांबापर्यंत किंवा खांबापासून खांबापर्यंत जाड तुळई. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण आणि घराचा आकार सांगायचा तो खणांत. तुळयांवर आडव्या कड्या, एकमेकींपासून हात-दीड हातावर, आणि कड्यांवर शेजारी शेजारी ठोकलेल्या फळ्या. ही फळी खालून माजघराचे छत असते आणि वरून माळ्याची जमीन. माळ्यावर वर्षाची बेगमी असते. त्यात कांदे, लसूण, नारळ, बियाण्याच्या टोपल्या, मोठी पितळी भांडी, पावसाळ्यासाठी साठवलेले जळण असे सगळे येते. वर उतरत्या कौलारू छपराने तापलेली हवा या माळ्यात अडते आणि खालची खोली दुपारी सुसह्य राहते. चुलीचा धूर फटींतून वर जातो, कौलांतून बाहेर पडतो आणि जाताना लाकडाला काळे करून किडीपासून राखतो. एवढी कामे ज्या फळीकडे आहेत तिला खालून चौकटी पाडणे म्हणजे कामात खोडा घालणे. चौकोनासाठी दोन्ही दिशांनी तुळया हव्यात. त्या एकाच पातळीत आणायच्या तर जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींना निम्मी खाच पाडावी लागते, म्हणजे भार वाहणारे लाकूड नेमके मधोमध कमकुवत करायचे. शिवाय चौकोनाचे चार कोपरे म्हणजे धूर, कोळिष्टके आणि उंदीर यांची सोय. एका दिशेने कड्या टाकल्या की हे सारे टळते. कडीपाटात नक्षी नाही ती गरिबीमुळे नव्हे. ती रचना स्वतःच पूर्ण विचार करून ठरलेली आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कौशल्यच नसेल तर विचार कसला? इथल्या घरांची दारेच याचे उत्तर देतात. दिलेदार दार हे वसईच्या सुताराचे रोजचे काम होते. चारी बाजूंच्या चौकटीला कुसू आणि भोक यांचा सांधा, आतल्या कडेला खोबण, आणि त्या खोबणीत सरस न लावता मोकळा बसवलेला दिला, म्हणजे मधली फळी. पावसाळ्यात फळी आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. दिला मोकळा असला की तो खोबणीतच सरकतो आणि दार ना वाकते ना फुटते. लाकडी चौकटीच्या छताचे मर्म नेमके हेच आहे. जो सुतार उभे दार असे करतो त्याला तेच काम आडवे करून वर चढवता येते. चर्चमधल्या वेद्यांचे कोरीव लाकूडकाम तर त्याहून अवघड. तेव्हा हात होते, पटाशी होती, रंधा होता. फक्त छतावर ते कौशल्य खर्च करायची गरज कुणाला वाटली नाही.

दुसरा आक्षेप लाकडाचा आणि तो अधिक वजनदार आहे. उत्तर कोकणच्या जंगलात सागवान भरपूर होते, पण त्याच्यावर पहिला हक्क घराचा कधीच नव्हता, तो जहाजांचा होता. वसईजवळचे आगाशी बंदर सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते. पोर्तुगीजांनी 1556 साली मनोर आणि अशेरीचा डोंगरी मुलूख ताब्यात घेतला. त्या मुलखातले सागवान त्यांना जहाजांसाठी मोलाचे होते. मराठ्यांचे धोरणही याहून निराळे नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग-शिसवासारखी लाकडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, आंबा-फणसाला हात लावू नये, असे बजावले आहे. इंग्रजी अमलात मुंबईच्या गोदीची भूक वाढली. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांची कुंपणे घट्ट केली आणि ठाणे-कुलाब्यातल्या रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा. चांगले लाकूड सामान्य कुळाच्या हाती सहज येत नव्हते, हे यातून स्पष्ट होते. पण तेवढ्याने चौकटीच्या छताची अनुपस्थिती उलगडत नाही. नुसत्या शोभेच्या चौकटीला जाड लाकूड लागत नाही. पातळ फळ्या आणि फणसाचे लाकूडही चालते. टंचाई निर्णायक ठरते ती छताला आधीच काम असल्यामुळे. भार वाहणारी चौकट करायची तर कडीपाटाच्या कितीतरी पट लाकूड हवे. भार न वाहणारी करायची तर कडीपाटाखाली दुसरे छत टांगायचे. पहिले परवडत नव्हते आणि दुसऱ्याचा उपयोग नव्हता.

तिसरा आक्षेप पावसाचा. कोकणच्या चार महिन्यांत असे नाजूक लाकूडकाम टिकलेच नसते, असे म्हटले जाते. केरळ हे म्हणणे खोडून काढतो. तिथला पाऊस कोकणापेक्षा मवाळ नाही, तरी जुन्या घरांत आणि राजवाड्यांत चौकोनी खणांची लाकडी छते आहेत. कोचीच्या मट्टनचेरी राजवाड्यातल्या भोजनगृहाचे कोरीव लाकडी छत पितळी वाट्यांनी सजवलेले आहे. हा राजवाडा पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला आणि पुढे डचांनी दुरुस्त केला. मग केरळात जमले ते वसईत का नाही? केरळच्या नालुकेट्टू घरात छताच्या वर अडगळीला जागा असते, पण धान्याचा भार छतावर नसतो. त्यासाठी जाड फळ्यांची वेगळी बंदिस्त खोली असते, तिला ते अरा म्हणतात. शिवाय मलबारच्या जंगलाने तिथल्या आशारींना, म्हणजे सुतारांना, एवढे मोठे लाकूड दिले की छत भक्कमही करता आले आणि देखणेही. वसईत ही दोन्ही अनुकूलता एकत्र नव्हती. म्हणून छताला काम किंवा शोभा यांतले एकच निवडावे लागले आणि शेतकरी-बागायतदार घराने काम निवडले.

पुण्याच्या वाड्यांचा दाखला देणाऱ्यांनीही हेच तपासून पाहावे. वाड्यात चौकापासून कोठीघरापर्यंत सगळीकडे कडीपाटच होता. सुरूच्या आकाराचे खांब, कोरलेल्या महिरपी आणि कड्या झाकणारी सजलेली तक्तपोशी आढळते ती दिवाणखान्यात. नाना फडणवीसांच्या 1780 च्या सुमारच्या वाड्यातला दिवाणखाना हे त्याचे ओळखीचे उदाहरण. दिवाणखान्यावर कांद्यांचा माळा नसतो. त्या खोलीचे काम माणसे बसवणे, दबदबा दाखवणे, हंड्या-झुंबरे टांगणे. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच सुताराच्या हातून, छताला काम होते तिथे कडी उघडी राहिली आणि काम नव्हते तिथे ती झाकली गेली. वसईच्या घरात दिवाणखाना ही स्वतंत्र खोली फारशी नव्हती. पाहुण्यांसाठी ओटी होती, आणि ओटीवर थेट छपराचे वासे दिसत.

हे गणित बदलायला एकोणिसावे शतक पुरेसे ठरले नाही. 1867 साली विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. केळी, फुले, विड्याची पाने शहरात जाऊ लागली, हातात रोख पैसा आला. 1865 पासून बनू लागलेली मंगळुरी कौले हळूहळू नळीच्या कौलांच्या जागी आली. घरे उंच झाली, खिडक्यांना रंगीत काचा आल्या, पण माळा राहिला आणि माळा होता तोवर कडीपाटही राहिला. तो गेला गेल्या चाळीसेक वर्षांत. मुंबईतून बाहेर पडणाऱ्या मध्यमवर्गासाठी रेल्वेच्या दोन्ही बाजूंना इमारती उठल्या. 1990 साली सिडकोकडे या भागाचे नियोजन आले आणि 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावे मिळून महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. या बारा लाखांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आहे. त्याच्या पाठीवर दुसऱ्याचे घर आहे, आपली बेगमी नाही. साठवण स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीच्या वर टाकलेल्या लहानशा पोटमाळ्यात गेली. छत पहिल्यांदाच पूर्ण मोकळे झाले, शिवाय त्याला झाकण्याजोगे काहीतरी मिळाले. खोलीच्या मधूनच जाणारा बीम, विजेच्या नळ्या, एसीचा पाइप. दिवाणखान्याने कड्या झाकल्या त्याच तर्काने हॉल आता बीम झाकतो. म्हणून हे छत किल्ल्याचे किंवा वाड्याचे वारस ठरत नाही. जी परिस्थिती पूर्वी फक्त वेदीला आणि दिवाणखान्याला लाभत होती ती आता वन-बीएचकेला लाभली, एवढाच त्याचा अर्थ.

ते कसे बनते तेही पाहण्यासारखे आहे, कारण जुन्या सुतारकामातले किती टिकले ते तिथेच दिसते. आधी भिंतींवर पाण्याच्या नळीने किंवा लेझरने पातळी मारतात. मग स्लॅबवर खोलीचा मध्य काढून दोन्ही दिशांनी दोऱ्या ओढून चौकोन आखतात, म्हणजे कडेला येणारे अर्धे चौकोन दोन्ही भिंतींशी सारखे पडतात. पंख्याचा हूक चौकोनाच्या मधोमध आला नाही तर सगळी आखणी बिघडते, म्हणून अनुभवी कारागीर तिथूनच मोजायला लागतो. पत्र्याच्या चॅनेलचा किंवा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा टांगला जातो, त्यावर जिप्सम बोर्ड किंवा प्लायवूड, चौकटीच्या कडांना गोलागलत्याची बीडिंग, सांध्यांना जाळीची पट्टी आणि पुट्टी, मग घासकाम, प्रायमर, रंग किंवा व्हिनियरवर पॉलिश. इथे दोन गोष्टी वसईत विशेष नडतात. एक म्हणजे उंची. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर असावी. त्यातून सहा इंच चौकटीला दिले की पंखा डोक्याशी येतो आणि खोली बुटकी वाटते. दुसरी म्हणजे दमट खारी हवा आणि वरच्या मजल्याची गळती. जिप्सम तापवून त्यातले बरेचसे पाणी घालवले की प्लास्टर ऑफ पॅरिस होते. पाणी घातल्यावर ते पुन्हा घट्ट होते, पण नंतर सतत ओल लागली तर मऊ पडते, डागाळते आणि सुटते. प्लायवूडच्या थरांचे दाणे एकमेकांना आडवे असल्यामुळे ते भरीव फळीसारखे फुगत-आकसत नाही. म्हणून मोकळ्या दिल्याची युक्ती इथे लागत नाही. मात्र ज्या घरांत खऱ्या सागवानाच्या फळ्या बसवल्या जातात तिथे दिलेदार दाराचा नियम जसाच्या तसा लागू होतो. फळी खिळ्यांनी आणि गोंदाने जखडली की दुसऱ्या पावसाळ्यात तिला चीर जाते.

शेवटचे दोन आक्षेप उरतात. एक पुराव्याचा. किल्ल्यातली श्रीमंत पोर्तुगिजांची घरे पडली, त्यांची लाकडे गेली. त्या घरांत चौकटीची छते नव्हतीच असे कोण म्हणेल? मी म्हणत नाही. माझे विधान किल्ल्याबाहेरच्या गावांतल्या राहत्या घरांपुरते आहे. किल्ल्यात एखादा दिवाणखाना तसा असलाच तर तो माळा नसलेल्या श्रीमंताचा असणार, आणि त्याने माझा मुद्दा बळकटच होतो. दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा. हे सगळे खोटे, वर काही नसताना तुळया दाखवायच्या, याला शोभा म्हणायचे का? कार्ल्याच्या कमानींपुढे हा आक्षेप टिकत नाही. जे भार वाहत नाही ते खोटे, असा नियम लावला तर महाराष्ट्रातली सर्वांत जुनी लाकडी छतेच खोटी ठरतील. खरा प्रश्न असा विचारावा की ही चौकट खोलीचे काही भले करते का? बीमच्या रेषा धरून आखलेली, पंख्याला आणि उंचीला जागा ठेवणारी, गळती शोधायला एखादा चौकोन उघडता येईल अशी चौकट उपयोगी आहे. कॅटलॉगमधल्या मोठ्या बंगल्याचे मोजमाप दहा फुटी हॉलवर लादणारी चौकट भुर्दंड आहे.

या निष्कर्षाचा एक व्यवहारी उपयोग आहे. गावठाणातली जुनी घरे पुनर्विकासासाठी पाडली जातात तेव्हा कोरीव दार, खांब, एखादी महिरप राखली जाते. कडीपाट मात्र जुने सागवान म्हणून वजनाने आणि घनफुटाने विकला जातो, करवतला जातो आणि फर्निचर होऊन कुणाच्या तरी घरी जातो. नक्षी नसलेल्या फळीला वारसा समजायची आपल्याला सवय नाही. पण वसईच्या घराने शतकानुशतके कसा विचार केला, काय साठवले, धूर कुठून सोडला, ऊन कुठे अडवले, लाकूड किती जपून वापरले याची नोंद त्या बिननक्षीच्या फळीतच आहे. घर पाडण्याआधी निदान एका खणाचे मोजमाप घेतले, कड्यांतले अंतर टिपले आणि माळ्यावर काय काय ठेवत हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवले, तर चौकटीचे छत इथे इतका काळ का आले नाही हे पुढच्या अभ्यासकाला पुराव्यानिशी सांगता येईल.